रात्रीचे आठ

समारंभ या प्रकाराची मला पहिल्यापासून ॲलर्जी आहे. शाळेत १५ ऑगस्टला उन्हात उभं राहायचं, पाहुण्यांच्या भाषणात ‘आजचा दिवस’ किती वेळा येतो ते बोटांवर मोजायचं आणि शेवटी लिमलेटची गोळी घेऊन घरी पळायचं. दोन मिनिटं मौन म्हटलं की मला हमखास हसू फुटायचं. त्यापायी एकदा वर्गाबाहेरही उभी राहिलेय. नोकरीला लागल्यावर मौनाचं ईमेल यायला लागलं. आपण खुर्चीमागे उभे राहतो, मान खाली आणि एक डोळा स्क्रीनवर... कुणाचा मेल आला? तुम्हीही करता. नाही म्हणू नका!

तर अशा पोरीला कुणी रोज रात्री आठ वाजता होणाऱ्या समारंभाला चल म्हटलं तर ती काय म्हणेल? ‘रोज? म्हणजे रोज रोज?’ मी हेच म्हणाले.

२०२२ चा ऑक्टोबर. प्रोजेक्टच्या कृपेने तीन महिने ब्रुसेल्सला होते. चॉकलेटं खाऊन झाली, वॅफल्स खाऊन झाले, त्या शू करणाऱ्या पोराच्या पुतळ्यासमोर फोटो काढून झाला (फारच चिमुकला आहे हो, अपेक्षा ठेवू नका). मग टीममधली एक फ्लेमिश मुलगी म्हणाली, ‘शनिवारी माझ्या गावी चल, ईपरला. आजी पॅनकेक करेल. आणि तू इंडियन आहेस ना? मग रात्री आठला तुला एक गोष्ट दाखवायची आहे.’

मी पॅनकेकसाठी गेले. खोटं कशाला बोलू?

ईपर हे गाव आपल्या वाईएवढं वाटतं. फ्रेंचमध्ये त्याला ईप्र म्हणतात. पहिल्या महायुद्धात आलेल्या इंग्रज शिपायांची जीभ वळेना, त्यांनी सरळ ‘वायपर्स’ करून टाकलं. चौकात मध्ययुगातला वाटणारा भलामोठा कापडबाजार आहे, उंच मनोरा, कमानी, सगळा थाट. मी ‘वॉव’ म्हणून फोटो काढत सुटले, तर मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘हे सगळं नवीन आहे.’ १९१४ ते १९१८ मध्ये तोफांनी या गावाची एक भिंत धड ठेवली नव्हती. लोकांनी परत येऊन जुन्या नकाशांवरून गाव जसंच्या तसं उभं केलं. कापडबाजार पुरा व्हायला १९६७ साल उजाडलं. म्हणजे तिच्या आजीच्या तरुणपणापर्यंत ‘मध्ययुगा’चं बांधकाम चालूच!

चौकातून पाच मिनिटं चाललं की मेनिन गेट. आपल्या गेटवेसारखं समुद्राकडे तोंड करून फोटोसाठी उभं नाही, त्यातून चक्क रस्ता जातो. गाड्या, सायकली, दूधवाला सगळे त्याखालून ये-जा करतात. याच वाटेने ब्रिटिश साम्राज्याचे शिपाई आघाडीवर जायचे. १९२७ मध्ये ही कमान उभी राहिली आणि आतल्या भिंतींवर नावं कोरली, ज्यांचं शरीर सापडलंच नाही अशांची. ५४ हजारांहून जास्त नावं! आणि तरी जागा पुरली नाही. १९१७ च्या ऑगस्टच्या मध्यानंतर बेपत्ता झालेल्यांपैकी जवळजवळ ३५ हजारांची नावं थोड्या अंतरावरच्या टाइन कॉट दफनभूमीत आहेत.

पावणेआठला आम्ही पोचलो. कडाक्याची थंडी, अंगात जाड जॅकेट, तरी दात वाजत होते. कमानीखाली दोनेकशे माणसं. इंग्लंडहून आलेली शाळकरी पोरं, ब्लेझर, टाय आणि पोरांची ती जागतिक कुजबुज. दोनचार सेल्फीबहाद्दर. माझ्या मनात आलं, झालं, आता दीपप्रज्वलन, मग प्रमुख पाहुण्यांचा परिचय...

आठला पाच कमी असताना दोन पोलीस आले आणि दोन्हीकडून रस्ता बंद केला. मला पहिला धक्का इथे बसला. कुणी हॉर्न वाजवला नाही. बॉस, मी पुण्याहून आलेय! एक बाई सायकलवरून घरी चालली होती, पुढच्या टोपलीतून कांद्याची पात डोकावत होती. तिने सायकल स्टॅण्डला लावली, टोपी काढली आणि उभी राहिली. तिच्या मागे पिझ्झा पोचवणारा पोरगा. त्यानेही हेल्मेट काढून हॅण्डलला अडकवलं. पिझ्झा गार होणार हे त्याला कळत होतं. गिऱ्हाइकालाही कळत असावं, कारण गावात आठ म्हणजे आठ.

चार माणसं चालत रस्त्याच्या मध्यभागी आली. गणवेश अग्निशमन दलाचा, हातात बिगुल. एकाचं पोट थोडं सुटलेलं, एकाचा चष्मा घसरत होता. निवेदक नाही, स्टेज नाही, बॅनर तर नाहीच. घड्याळाचे आठ ठोके पडले आणि त्यांनी ‘लास्ट पोस्ट’ वाजवायला सुरुवात केली. छावणीतला दिवस संपला, पहारे लागले, आता झोपा असं सांगणारी ही धून. लष्करात ती रोजच्या कामाची, पुढे अंत्यविधीची झाली. दगडी कमानीत ते स्वर असे काही घुमतात की... जाऊ दे, ते लिहून सांगता येत नाही.

मग मौन. दोनशे माणसं, त्यात निम्मी पोरं, आणि खरोखरची शांतता. मी वाट बघत होते मला हसू कधी येतं याची. त्याच वेळी कुणाच्या तरी कडेवरचं पोर स्पष्ट आवाजात काहीतरी बोललं. बिगुलवाल्यांपैकी चष्मेवाल्याच्या मिशा हलल्या. मैत्रीण कानात पुटपुटली, ‘तो विचारतोय, संपलं का?’ आसपासची चारपाच माणसं ओठ चावून हसली, आणि मौन मोडलं नाही.

त्यानंतर एक मुलगी पुष्पचक्र घेऊन निघाली. वय बारातेरा, एक पायमोजा खाली आलेला. लाल पॉपीचं ते चक्र तिच्या छातीएवढं. पायऱ्यांपाशी पोचली आणि तिला काही सुचेना. ठेवायचं कुठे, वळायचं कुठल्या बाजूने, सगळे बघतायत... शिक्षक लांब. तेव्हा पोट सुटलेल्या बिगुलवाल्याने मान जराशी डावीकडे हलवली, बस इतकंच. तिने चक्र डावीकडे ठेवलं, वळली आणि परत येताना त्याच्याकडे बघून असं काही हसली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. आता हे इमोशनल व्हायचं कारण होतं का? माहीत नाही. पण आलं.

इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत असा रिवाज आहे. पाव तासात सगळं संपलं, पोलिसांनी रस्ता मोकळा केला, कांद्याची पात घरी गेली, पिझ्झा गेला.

चष्मेवाला बिगुल पेटीत ठेवत होता. मैत्रिणीने ओळख करून दिली (गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात). मी विचारलं, ‘उद्या पुन्हा येणार?’ तो म्हणाला, ‘उद्या माझी पाळी नाही. मंगळवारी आहे.’ चक्क रोस्टर! आपल्या सपोर्ट टीमसारखं. ही मंडळी दिवसभर आपापल्या नोकऱ्या करतात आणि पाळी असेल त्या दिवशी आठला येऊन वाजवतात. यांच्यातले अन्त्वान फरस्खोट नावाचे एक गृहस्थ साठ वर्षांहून जास्त काळ वाजवत होते, हजारो वेळा! २०१७ मध्ये गेले. आपण जिमची वर्षाची फी भरून तीन आठवडे जातो.

हा सिलसिला १९२८ मध्ये ईपरच्या पोलीसप्रमुखाच्या डोक्यातून निघाला. आमच्या गावासाठी कुठून कुठून येऊन पोरं मेली, त्यांना रोज एकदा आठवायचं, एवढी साधी कल्पना. १९२९ पासून रोज. २०१५ च्या जुलैत तीस हजारावी वेळ झाली. मध्ये खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात, गाव जर्मनांच्या ताब्यात असताना. मग तेवढी वर्षं हा रिवाज इंग्लंडमधल्या ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत पाळला गेला. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैन्याने ईपर सोडवलं. गावाच्या काही भागांत गोळीबार चालू होता आणि त्याच संध्याकाळी मेनिन गेटखाली बिगुल वाजला. मला यातला लष्करी पराक्रम फारसा कळत नाही, पण चार वर्षं बिगुल कुठेतरी जपून ठेवलेला तो माणूस मात्र डोळ्यांसमोर येतो.

आणि २०२०. कोविडमध्ये गर्दीला बंदी. त्या दिवसांत रोज रात्री आठला एकच बिगुलवाला यायचा, रिकाम्या कमानीखाली उभा राहून वाजवायचा आणि घरी जायचा. ऐकायला कुणी नाही. पुढे २०२३ मध्ये कमानीची मोठी डागडुजी निघाली, परांच्या बांधल्या गेल्या, तरी आठ काही चुकले नाहीत.

‘इंडियन आहेस ना’चं कोडं मात्र अजून बाकी होतं. मैत्रिणीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि भिंतीवर दाखवायला लागली. १२९ वी बलुची. ५७ वी वाइल्ड्स रायफल्स. ४७ वी शीख. खान, सिंग, थापा... चारशेहून जास्त नावं आपल्याकडची. १९१४ च्या सप्टेंबरअखेर ही माणसं मार्सेलला उतरली, अंगावर सुती खाकी, आणि ऑक्टोबरात थेट इथल्या चिखलात उभी. बलुची पलटणीच्या खुदादाद खानने ३१ ऑक्टोबर १९१४ ला शेजारच्या होलेबेक गावात मशीनगन सोडली नाही. बरोबरचे सगळे मेले, तो जखमी होऊन वाचला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी शिपाई. मी माझ्या जॅकेटची चेन वर ओढली आणि मला जरा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढून फ्रान्समध्ये नव शापेलला नेलं. शेतांच्या मधोमध हिंदी सैनिकांचं स्मारक, अशोकाच्या स्तंभाच्या धर्तीवरचा खांब, दोन बाजूंना दगडी वाघ आणि ४७०० हून जास्त नावं. खांबावर चक्क देवनागरी अक्षरं! फ्रान्सच्या बीटाच्या शेतात देवनागरी वाचताना काय वाटतं ते विचारू नका. सॅपर्स अँड मायनर्स असं दिसलं आणि मी ओरडलेच, ‘हे आमच्या खडकीचे!’ २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात घराघरांतून लढत शिरलेल्यांत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या तुकड्या होत्या. ज्या खडकीतून मी रोज ऑफिसला जाते आणि ट्रॅफिकला शिव्या घालते, त्या खडकीतून.

पण मराठा पलटणी कुठेत? हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला तो निघेना. मुक्कामी येऊन रात्रभर वाचत बसले. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३ वी, ११० वी, ११७ वी, सगळ्या सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर. कुत-अल-अमारात तुर्कांनी त्यांना १४७ दिवस कोंडलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती गेले त्याला सुमार नाही. यांचं स्मारक बसऱ्याला, ४० हजारांहून जास्त मृतांचं. आणि इथे मला खरा धक्का बसला. तिथल्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा! अमुक पलटण, आणखी इतके. ईपरला नाव, बसऱ्याला बेरीज. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच चौकशी करून अहवाल काढला, अशा दुजाभावाबद्दल माफी मागितली. शंभर वर्षं लागली. असो.

आकडा म्हटल्यावर मला मामाच्या गावचा दगड आठवला.

सातारा जिल्ह्यात अशा पाट्या गावोगावी आहेत. आमच्या मामाच्या गावची शाळेच्या व्हरांड्यात, संगमरवरी, कोपरा उडालेली. ‘या गावातून ३१ माणसे महायुद्धात गेली, त्यापैकी ५ मरण पावली.’ साल १९१४ ते १९१९. सुट्टीत आम्ही तिच्यावर खडूने रेघा मारायचो. ब्रुसेल्सहूनच मामांना फोन लावला.

‘मामा, त्या दगडावरच्या पाच जणांची नावं काय होती?’

‘कुणाला ठावं गं? आकडा तेवढा हाय. पोरं दप्तरं टांगत्यात त्यावर.’

मग मी त्यांना मेनिन गेटची गोष्ट सांगितली. पोलीस, बिगुल, कांद्याची पात, सगळं. मामा एसटीत पस्तीस वर्षं कंडक्टर होते, त्यांचा पहिला प्रश्न, ‘रोज वाजिवत्यात? पगार किती?’

‘पगार नाही मामा.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, ‘मग खरं हाय.’

त्या कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतं. भिंतीवर नसलेली नावं रजिस्टरमध्ये आहेत, कधीकधी बापाचं नाव आणि गावही असतं. पण गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं! मी पुण्यात परतल्यावर लंच टाइममध्ये डबा खात खात एकाच गावाची सात स्पेलिंगं टाकून बघितली. शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला आधी वाटलं मी नवी नोकरी शोधतेय. मग तोही मदतीला बसला. आठवडाभराने एक सापडला, पुढच्या महिन्यात दुसरा. दोघेही बसऱ्याच्या यादीत. दुसऱ्याचं आडनाव माझ्या आजोळचंच होतं. मी पोळीचा घास हातात धरून बसून राहिले.

२६ जानेवारीला मामांनी हेडमास्तरांना गाठलं. दगड घासून पुसून साफ झाला, झेंडूचा हार पडला. झेंडावंदनानंतर चौथीतल्या एका पोराने दोन नावं वाचली. मी गेले होते. माईक चुंऽऽ करत होता, सरपंचांचा फोन वाजला, सगळं अगदी आपल्यासारखं. नावं वाचून झाली आणि मागून एक नव्वदीची आजी नातवाच्या खांद्याला धरून पुढे आली. ‘आमच्या घरचा ऱ्हायला,’ म्हणाली.

तिच्या सासऱ्यांचा चुलतभाऊ बसऱ्याला गेला तो आलाच नाही. सरकारचा कागद आला, पण त्याच्या बायकोने मानलं नाही. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती म्हातारी अजून कपाळाला कुंकू लावत होती. ‘मरस्तवर लावलं,’ आजी म्हणाली. ‘म्हनायची, कुनी बघितलंय का त्यास्नी मेल्यालं?’

हेडमास्तरांनी नाव विचारलं. आजीने सांगितलं. ते मी इथे छापत नाही, आधी दगडावर लागू दे. पोराने ते खडूने फळ्यावर तिसरं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आजीला ऐकू कमी येतं, तिने कानाला हात लावून ‘काय?’ केलं. त्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा सगळ्या शाळेने वाचलं, अगदी पाढे म्हणतात तसं, ओरडून. आजी पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती, मला नीट दिसलं नाही.

दोन मिनिटं मौन झालंच नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

परवा मामांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, म्हटलं नंतर करते. तर म्हणाले, ‘नगं करूस. एवढंच सांगायचं हुतं, दोन ऱ्हायल्यात अजून. तुझ्या त्या कॉम्प्युटरात परत एकदा बघ.’